होडीचा तळ आणि हातातले वल्हे : वाचकांचे प्रश्न व उत्तरे

कॅनो म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवली जाणारी होडी. दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणारी, वरून झाकलेली कयाक ही तिच्यापेक्षा वेगळी होय. कॅनोविषयी आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्नांचा रोख हातांच्या तंत्रावर आहे. परंतु प्रश्न वाचताना जाणवते ते असे, की ज्या अडचणीसाठी वाचक आपल्या हातांना दोष देत आहेत, त्यांपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ होडीच्या तळाच्या घडणीत आहे. त्यामुळे या वेळी दोन्ही बाबींची उत्तरे एकत्रच दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मिळून सुमारे पाच मीटर लांबीची कॅनो चालवतो. दोघांनी विरुद्ध बाजूंना सारख्याच जोराने वल्ही मारली, तरी होडी सरळ न जाता मागे बसणाऱ्याच्या वल्ह्यापासून दूर वळत राहते. होडीत काही दोष आहे का?

उत्तर : होडीत दोष नाही, आणि तुमच्या दोघांच्या ताकदीत फरक असण्याचीही गरज नाही. दोघांसाठी बनवलेल्या कॅनोमध्ये पुढच्या व्यक्तीला पाय ठेवायला जागा हवी, म्हणून पुढची बैठक नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, बरीच आत असते. मागची बैठक मात्र पिछाडीच्या टोकाला जवळपास टेकलेली असते. म्हणजेच होडीच्या मध्यापासून मागच्या वल्ह्याचे अंतर पुढच्या वल्ह्यापेक्षा जास्त असते आणि तेवढ्याच जोराचा फटका मागून मारला, की तो होडीला अधिक वळवतो. याला दुसऱ्या कारणाची जोड मिळते. होडी पुढे जाऊ लागली, की नाळेच्या दोन्ही अंगांवर पाण्याचा दाब येऊन ती जागच्या जागी धरल्यासारखी होते, तर पिछाडीभोवतीचे पाणी सैल पडलेले असते. त्यामुळे होडी ज्या बिंदूभोवती वळते, तो बिंदू वेगाबरोबर मध्यापासून पुढे सरकतो आणि पिछाडी सहज बाजूला घसरते. होडीची दिशा मागे बसणाऱ्याच्या हाती का असते, याचेही उत्तर हेच आहे. ज्या गोष्टीची तुम्ही तक्रार करत आहात, तिच्याच आधारे होडी वळवायची असते.

ही ओढ किती जाणवेल, हे तळाच्या बाकावर, म्हणजे त्याच्या वक्रतेवर, अवलंबून असते. होडी सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहावे. मध्यभाग जमिनीला टेकलेला असताना दोन्ही टोकांखाली जी फट दिसते, तिला जाणकार रॉकर म्हणतात. ही फट दोन-अडीच सेंटिमीटरच असेल, तर होडी एकदा धरलेली दिशा सहजासहजी सोडत नाही. पाच ते सात सेंटिमीटर असेल, तर ती प्रत्येक फटक्याला वळून प्रतिसाद देते. खळाळत्या पाण्यासाठी बनवलेल्या होड्यांत हा बाक दहा सेंटिमीटरच्याही पुढे जातो आणि अशी होडी संथ तलावात सरळ ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते. काही होड्यांत नाळेकडे बाक अधिक आणि पिछाडीकडे कमी ठेवलेला असतो, म्हणजे पुढचे टोक वळायला मोकळे राहते आणि मागचे टोक रेषा धरून ठेवते. लांबच्या प्रवासासाठी ही घडण मला सर्वांत समंजस वाटते.

आता उपाय. सुधारणा करायची ती प्रथम सरळ फटक्यात, कारण दिशा दुरुस्त करण्याच्या युक्त्या शिकण्याआधी दिशा बिघडवणे कमी करणे श्रेयस्कर. वल्ह्याचा दांडा पाण्यात शक्य तितका उभा राहिला पाहिजे आणि त्यासाठी वरचा हात होडीच्या काठाच्या बाहेर, पाण्याच्या वर आला पाहिजे. पाते होडीच्या मध्यरेषेला समांतर मागे यावे; अनेक जण ते काठाच्या गोलाईला धरून ओढतात, आणि असा गोलाईचा फटका म्हणजे वळवण्याचाच फटका असतो. पाते कमरेपाशी आले, की फटका संपवावा. त्याच्या मागे पाते पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलू लागते, त्यामुळे वेग मिळत नाही आणि पिछाडी मात्र खाली दबते.

एवढे करूनही जी ओढ उरते, तिच्यासाठी इंग्रजी J अक्षराच्या नावाचा ‘जे स्ट्रोक’ हा फटका आहे. तो मागे बसणाऱ्याने असा करावा : नेहमीचा फटका कमरेपाशी आला, की वरच्या हाताचा अंगठा खाली पाण्याकडे वळवायचा. त्यामुळे पाते उभे होते आणि ज्या अंगाने पाणी ओढले, तेच अंग आता होडीपासून बाहेरच्या दिशेला येते. त्याच अंगाने पाण्याला बाहेरच्या बाजूला एक छोटासा रेटा द्यायचा आणि पाते बाहेर काढायचे. रेटा किती द्यायचा, हे दर फटक्याला वेगळे असते. वाऱ्याचा, लाटेचा आणि जोडीदाराच्या फटक्याचा अंदाज घेऊन हात ते आपोआप ठरवू लागेपर्यंत सराव करावा लागतो. अंगठा चुकून वर वळवला, तर पात्याचे दुसरे अंग बाहेर येते. त्यानेही होडी सरळ होते, किंबहुना अधिक जोराने होते, म्हणून खळाळात अनेक जण जाणूनबुजून तसे करतात. पण त्या वेळी पाते ब्रेकसारखे आडवे पडून दर फटक्याला थोडा वेग खाते. दिवसभराच्या प्रवासात हा तोटा साचत जातो.

शर्यतीत उतरणाऱ्यांनी यावर वेगळाच तोडगा काढला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या शर्यतवीरांनी दिशा दुरुस्त करण्याऐवजी काही फटक्यांनंतर दोघांनी एकाच क्षणी बाजू बदलण्याची पद्धत रूढ केली, आणि तिच्याबरोबर दांड्याला किंचित कोन दिलेले वाकडे वल्हेही आले. कमी बाकाच्या, लांबट होडीसाठी ही पद्धत उत्तम आहे. ज्या होडीचा तळ बराच बाकदार आहे, ती मात्र बाजू बदलण्याआधीच भरकटते, तेव्हा तिथे जे स्ट्रोकला पर्याय नाही.

प्रश्न : पहिली होडी विकत घ्यायची आहे. सपाट तळाच्या कॅनोमध्ये बसून पाहिले तेव्हा ती अजिबात डगमगली नाही. गोलसर तळाची मात्र बसताक्षणी हलू लागली. तरीही एका अनुभवी मित्राचा आग्रह गोलसर तळाचा आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : होडी कुठल्या पाण्यात जाणार, यावर उत्तर अवलंबून आहे, मात्र तुमच्या मित्राचे म्हणणे निराधार नाही. स्थैर्य हे एकच माप नसून त्याचे दोन प्रकार आहेत. होडी सरळ उभी असताना पहिल्या काही अंशांच्या कलण्याला ती किती विरोध करते, ते प्राथमिक स्थैर्य. बरीच कलल्यानंतर, काठ पाण्याजवळ आल्यावर ती किती तग धरते, ते अंतिम स्थैर्य. तुम्ही जे अनुभवले ते फक्त पहिले होते.

प्राथमिक स्थैर्य मुख्यतः पाण्याच्या पातळीवरील रुंदीतून येते आणि ते रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी तीच ठेवून पाणरेषेवरची रुंदी दहा टक्क्यांनी वाढवली, तर तळाच्या आकारातून मिळणारा सावरण्याचा जोर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. रुंद आणि सपाट तळाची होडी म्हणूनच पक्की वाटते. परंतु अशा होडीचा स्वभाव पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहण्याचा असतो, आणि पृष्ठभाग नेहमी आडवा नसतो. बाजूने लाट आली, की पाण्याचा उतार तयार होतो, सपाट तळ त्या उताराला चिकटून कलतो आणि बसलेल्या माणसाचे वजन चुकीच्या बाजूला जाते. शिवाय तिचे सावरणे एका मर्यादेपर्यंत अतिशय पक्के असते आणि ती मर्यादा ओलांडली, की पुरेशी सूचना न देता संपते. गोलसर तळाखालून लाट निघून जाते आणि होडी माणसाच्या कमरेखाली जवळपास सरळ राहते. ती सतत थोडी हलते, पण ते हलणे माणसाच्या ताब्यात असते.

पूर्ण गोल तळ नवशिक्याने घेऊ नये, हेही तितकेच खरे. सर्वसाधारण वापराच्या चांगल्या होड्यांचा तळ या दोन टोकांच्या मधला, म्हणजे उथळ कमानीसारखा असतो. काहींचा तळ अगदी पसरट व्ही आकाराचा असतो. तो दिशा थोडी अधिक धरतो, मात्र मधली धार दगडांवर घासून लवकर झिजते. माझी शिफारस उथळ कमानीची.

तळाइतकेच बाजूंकडेही लक्ष द्यावे. पाण्यापासून वर जाताना बाजू बाहेर झुकलेल्या असतील, तर होडी कलताच अधिक रुंदी पाण्यात उतरते आणि आधार वाढत जातो. लाटांचे पाणीही बाहेर फेकले जाते. पण काठ लांब गेल्यामुळे वल्हे उभे धरायला हात ताणावा लागतो. बाजू वर जाताना आत झुकलेल्या असतील, तर वल्हे मारणे सोयीचे होते, पण फार कलल्यावर आधार कमी मिळतो. काही रचनाकार खालचा भाग बाहेर झुकवून काठाच्या जवळ एकदम आत वळवतात, तो याच दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी.

आणि एक उपाय बिनखर्चाचा आहे : गुडघे टेकून बसा. बैठकीच्या कडेला पार्श्वभाग टेकवून दोन्ही गुडघे तळावर फाकवून ठेवले, की शरीराचे वजन खाली येते आणि तीन ठिकाणी आधार मिळतो. ज्या होडीत बैठकीवर बसून भीती वाटते, तीच होडी गुडघ्यांवर शांत वाटते. खरेदीपूर्वी शक्य असेल, तर लाइफ जॅकेट घालून, कमरेइतक्या संथ पाण्यात, होडी गुडघ्यांच्या दाबाने हळूहळू एका बाजूला कलवून पाहा. डोके मात्र होडीच्या मध्यावरच राहू द्या. कंबर कललेली आणि खांदे सरळ, अशी ही ठेवण आहे. काठ पाण्याजवळ जाताना होडी कुठे थांबते, थांबते की नाही, हे एकदा पाहिले म्हणजे तुमचा निर्णय तुम्हीच घ्याल.

प्रश्न : दोघांची कॅनो मला बहुधा एकट्यालाच चालवावी लागते. मागच्या बैठकीवर बसले, की नाळ वर उचलली जाते आणि जरासा वारा आला तरी होडी गरकन फिरते. वजनासाठी पुढे दगड ठेवावेत का?

उत्तर : दगड ठेवू नयेत. होडी उलटली, तर ते सुटून इजा करतील. तुमच्या अडचणीचे कारण असे, की मागे बसल्यामुळे होडीचा पुढचा भाग पाण्याबाहेर आला आहे, पाणरेषा आखूड झाली आहे आणि उचललेली नाळ वाऱ्याला शिडासारखी सापडते आहे. कागदावर तुमची होडी पाच मीटरची असली, तरी पाण्यात ती जेमतेम साडेतीन मीटरची असेल. होडीच्या वागण्याला तिचा पाण्यात बुडालेला आकारच जबाबदार असतो, आणि तो आकार तुमच्या वजनाच्या जागेनुसार बदलतो. ही गोष्ट समजली, म्हणजे कॅनो चालवण्याची अर्धी विद्या हाती आली, असे मी मानतो.

तुमची होडी दोन्ही टोकांनी सारखी असेल, तर तिला उलट फिरवा आणि पुढच्या बैठकीवर पिछाडीकडे तोंड करून बसा. ती बैठक मध्याच्या जवळ असल्याने होडी बऱ्यापैकी समतोल तरंगेल. होडीची रुंदी मध्यापेक्षा मागे जास्त असेल, म्हणजे नाळ लांब निमुळती आणि मागचा भाग भरलेला असेल, तर हा उपाय करू नये. अशी होडी उलटी चालवली तर नीट दिशा धरत नाही. त्यासाठी मध्याच्या किंचित मागे गुडघे टेकून बसणे बरे. पुढे वजन हवेच असेल, तर पाण्याने भरलेली पिशवी ठेवावी, कारण होडीत पाणी शिरले तरी पाण्याची पिशवी तिला आणखी बुडवत नाही.

मध्यावर गुडघे टेकले, की नवी अडचण येते : दोघांच्या होडीची मधली रुंदी सुमारे नव्वद सेंटिमीटर असते आणि काठापलीकडे वल्हे उभे धरता येत नाही. यावरचा उपाय कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या ॲल्गॉनक्विन उद्यानातील वाटाड्या ओमर स्ट्रिंगर यांच्या नावाशी जोडला जातो. दोन्ही गुडघे एकत्र करून वल्ह्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, तळ जिथे बाजूला मिळतो तिथे टेकायचे आणि होडीला त्या बाजूला मुद्दाम कलवायचे. काठ पाण्याजवळ येतो, वल्हे अंगाशी उभे राहते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यातली होडी अरुंद व आखूड होते. दोन्ही टोके थोडी वर उचलली जाऊन बाक वाढतो, म्हणून जड वाटणारी मोठी होडी बोटभर इशाऱ्याने वळू लागते. पाहणाऱ्याला हे कसरतीसारखे वाटते. प्रत्यक्षात तळ कलल्या अवस्थेत स्थिर असेल, तर यात डगमगणे कमीच असते. सराव आधी संथ पाण्यात आणि किनाऱ्याजवळ करावा, आणि वारा व लाटा असताना हे टाळावे.

वाऱ्याविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागेल. होडीचे जे टोक पाण्यात खोल असते ते रुतून राहते, आणि जे हलके असते ते वाऱ्याबरोबर वाहते. म्हणून समोरून वारा असेल, तर वजन किंचित पुढे सरकवावे, म्हणजे नाळ वाऱ्यात टिकून राहते. मागून वारा असेल, तर किंचित मागे. वारा बाजूचा असेल आणि चालती होडी सारखी वाऱ्याकडे तोंड करत असेल, तर पिछाडी सैल पडून ढकलली जात आहे असे समजून वजन थोडे मागे न्यावे. नाळ वाऱ्याखाली वाहत असेल, तर पुढे. गुडघे वीतभर सरकवले, तरी फरक पडतो. आणि एकटे असताना वल्हे कोणत्या बाजूला धरायचे, हेही वाऱ्याने ठरवू द्यावे : होडी ज्या बाजूला वळू पाहते त्याच बाजूला वल्हे मारले, तर साधा सरळ फटकाच तिला सरळ करतो आणि जे स्ट्रोकमधला वेळ व श्रम वाचतात.

प्रश्न : लांब होडी जास्त वेगवान असते, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे कितपत खरे आहे? आणि शर्यतीच्या कॅनो इतक्या अरुंद का असतात?

उत्तर : हे खरे आहे, पण एका मर्यादेजवळ पोहोचल्यावरच. चालणारी होडी नाळेपाशी एक लाट उठवते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी पाणरेषेच्या लांबीइतकी झाली, की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या उतारावर मागे रेलते आणि मग कितीही जोर लावला, तरी बहुतेक जोर लाट मोठी करण्यात जातो. जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून हा विषय शास्त्रशुद्ध पायावर आणण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांना जाते. हिशेब केला, तर ४.९ मीटर पाणरेषेसाठी ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर येते आणि ४.३ मीटरसाठी सुमारे ९.३. सहलीला निघालेले लोक ताशी चार ते सहा किलोमीटरने वल्हवतात; त्यांना ही मर्यादा आडवी येतच नाही. त्यांच्या वेगाला अडवते ते पाण्याचे घर्षण, आणि ते भिजलेल्या पृष्ठभागाबरोबर वाढते. म्हणजे कमी वजन नेणाऱ्या एकट्या माणसाला फार लांब होडी उलट जड जाऊ शकते. गोलसर तळाचा भिजलेला पृष्ठभाग तेवढ्याच वजनासाठी सपाट तळापेक्षा कमी असतो, हा त्याचा आणखी एक गुण.

ऑलिम्पिकमधील एकट्याच्या स्प्रिंट कॅनोची लांबी जास्तीत जास्त ५.२ मीटर असू शकते. वरच्या हिशेबाने तिची मर्यादा ताशी दहा किलोमीटरच्या किंचित वर येते, तरीही अव्वल खेळाडू हजार मीटर चार मिनिटांच्या आत, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरहून अधिक सरासरीने पार करतात. अतिशय सडपातळ होडीची लाटच इतकी लहान असते, की माणसाच्या बळावर ती ओलांडता येते. अरुंदपणाचे कारण हेच. पूर्वी या होडीची किमान रुंदी ७५ सेंटिमीटर असावी असा नियम होता, तेव्हा रचनाकार पाण्याच्या वरचा भाग पंखासारखा बाहेर काढून नियम पाळत आणि पाण्यातला भाग अरुंदच ठेवत. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकनंतर तो नियम काढून टाकण्यात आला. अशा होडीत खेळाडू एका गुडघ्यावर उंच बसून, सुकाणूशिवाय, एकाच बाजूला वल्हे मारत सरळ रेषेत जातो. या खेळातले सर्वांत अवघड कौशल्य मी यालाच म्हणेन.

तुम्हाला प्रत्यक्ष उपयोगी पडेल अशी बाब म्हणजे पाण्याची खोली. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीने बांधला जातो : ६० सेंटिमीटर खोलीत ताशी सुमारे ८.७ किलोमीटर आणि ३० सेंटिमीटर खोलीत सुमारे ६.२. त्या वेगाजवळ पिछाडी खाली खेचली जाते आणि होडी अचानक जड होते. तळाशी काही अडकले की काय, अशी शंका येते. अशा वेळी जोर वाढवू नये. खोल पाण्याकडे सरकावे किंवा वेग थोडा कमी करावा. मागचा भाग भरलेल्या होडीची पिछाडी इथे कमी दबते.

प्रश्न : तळाला बाहेरून लांब पट्टी असेल तर होडी सरळ जाते का? ती बसवून घ्यावी का?

उत्तर : थोडी सरळ जाते, पण बसवून घेऊ नये. अमेरिकेतील ग्रुमन या विमान बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲल्युमिनियमच्या कॅनो बनवायला घेतल्या. त्यांचे दोन अर्धे भाग मध्यरेषेवर रिव्हेटने जोडलेले असत आणि तिथली पट्टी प्रामुख्याने त्या जोडासाठी होती. चांगल्या घडणीच्या होडीला दिशा धरायला पट्टी लागत नाही. उथळ दगडाळ पाण्यात ती अडकते आणि बाजूला सरकायचे असेल तेव्हा अडवते.

प्रश्न : वाहत्या पाण्यात मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात शिरताना आमची होडी दोनदा उलटली. दोन्ही वेळा आम्ही घाबरून वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकलो होतो. नेमके कुठे झुकावे, आणि यासाठी वेगळी होडी लागते का?

उत्तर : चूक तुम्ही स्वतःच ओळखली आहे. खडकामागचे पाणी नुसते संथ नसते, ते बहुधा उलट दिशेने, म्हणजे खडकाकडे वाहत असते. मुख्य प्रवाहातून येणाऱ्या होडीची नाळ त्या पाण्यात शिरते तेव्हा पिछाडी अजून खाली धावणाऱ्या पाण्यात असते. दोन्ही मिळून होडीला झपाट्याने वळवतात आणि नवे पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूने येऊन होडीवर आदळते. आतला काठ खाली झुकवला असेल, तर ते पाणी तळाखालून निघून जाते, पण तोच काठ पाण्याखाली जाण्याचा धोका वाटून माणूस उलट्या बाजूला झुकतो आणि तिथेच घात होतो : वळणाच्या जोराने शरीर आधीच बाहेर फेकले जात असते, त्यात बाहेरचा काठ खाली जातो आणि त्या बाजूने येणारे नवे पाणी त्याला धरून ओढते. म्हणून आत शिरताना आणि पुन्हा मुख्य प्रवाहात बाहेर पडतानाही झुकायचे ते वळणाच्या आतल्या बाजूलाच. बाहेर पडताना ही बाजू प्रवाहाच्या उताराकडची असते. अंगावर येणाऱ्या पाण्याला काठ न दाखवता तळ दाखवायचा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

झुकणे दोघांनी एकाच क्षणी आणि कमरेपासून करावे. पुढे बसणारा वळणाच्या बाजूला हात लांब करून पाते संथ पाण्यात उभे रोवतो आणि होडी त्या पात्याभोवती फिरू देतो. मागे बसणारा वेग टिकवतो. वेग नसेल, तर दोन पाण्यांमधली सीमारेषा पार होण्याआधीच होडी तिच्यावर आडवी पडते, आणि ती सर्वांत वाईट जागा. तरीही तोल गेलाच, तर पाते पाण्यावर आडवे टेकवून त्याच्यावर क्षणभर भार द्यावा आणि त्या बाजूचा गुडघा वर उचलून होडी अंगाखाली ओढून घ्यावी. सावरताना डोके सर्वांत शेवटी वर यायला हवे. आधी डोके वर उचलणारा माणूस होडीला पुन्हा खाली दाबतो.

होडीविषयी म्हणाल, तर बाक असलेली, आखूड, बाजू बाहेर झुकलेल्या आणि काठ उंच असलेली होडी इथे सोपी जाते. तळ आणि बाजू जिथे मिळतात तो कोपरा धारदार असेल, तर कललेली होडी वळणात कापत जाते, पण चुकीच्या बाजूला झुकल्यावर तीच धार पाण्यात रुतून फार लवकर शिक्षा करते. तो कोपरा गोल असेल, तर चूक थोडी पचते. शिकताना गोल कोपऱ्याची होडी घ्यावी. तुमच्या सध्याच्या लांब होडीतही हे वळण जमते, फक्त ते अधिक मोठे होते आणि त्यासाठी खडकामागची जागाही प्रशस्त निवडावी लागते.

लाइफ जॅकेट सुरुवातीपासून बांधलेले असावे आणि पुढच्या-मागच्या टोकांत हवेच्या पिशव्या घट्ट बसवाव्यात, म्हणजे होडी उलटली तरी तिच्यात पाणी कमी मावते. पाण्याने भरलेल्या पाच मीटरच्या कॅनोचे वजन कित्येकशे किलो होते आणि प्रवाह तिला खडकावर दाबतो तेव्हा मधे सापडलेल्या माणसाला ती सोडत नाही. म्हणून पाण्यात पडताच होडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाणी येते तिकडे, स्वतःला न्यावे, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, आणि पाणी गुडघ्यांपेक्षा उथळ होऊन त्याचा जोर पुरता ओसरेपर्यंत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये.